कमांड लाइनवरील प्रश्नांना स्क्रिप्टमधून उत्तरे कशी द्यावीत

रात्री अकरा वाजता लावलेली स्क्रिप्ट सकाळी येऊन पाहावी, तर ती तिसऱ्याच मिनिटाला एका प्रश्नापाशी थांबलेली असते आणि कर्सर लुकलुकत असतो. लिनक्सवर काम सुरू करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला ही सकाळ येते. मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ३२ संगणक आणि दोन सर्व्हर सांभाळतो. प्रत्येक संगणकापाशी बसून ‘वाय’ दाबण्यापासून सुरुवात करून हे काम स्क्रिप्टच्या स्वाधीन करेपर्यंत जे चकवे लागले, ते नव्याने शिकणाऱ्यांना लागू नयेत, यासाठी ही माहिती क्रमाने लिहीत आहे. पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण थेट चौथ्या किंवा सहाव्या पायरीवर उडी मारतात, आणि पुढे होणारे नुकसान बहुधा त्या उडीतूनच होते.

कमांडची नावे आणि पर्याय येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळूनच टाइप करावेत.

हाताशी काय असावे

• डेबियन किंवा उबुंटू असलेले एक चाचणीचे यंत्र. व्हर्च्युअल मशीन सर्वांत बरे, कारण बिघडले तर स्नॅपशॉटवरून मागे जाता येते.
• बॅश शेलची जुजबी ओळख: पाइप, फाइलकडे वळवणे आणि एक्झिट कोड म्हणजे काय, एवढे पुरते.
• ‘एक्सपेक्ट’ हे पॅकेज, म्हणजे प्रश्न पाहून उत्तर टाइप करणारे साधन. पायथनची सवय असल्यास ‘पीएक्सपेक्ट’ हे मॉड्यूल.
• ज्या प्रोग्रामला उत्तरे द्यायची आहेत त्याचे मॅन पेज, म्हणजे ‘मॅन’ कमांडने उघडणारी त्याची माहितीपुस्तिका.
• एक कागद. त्यावर काय लिहायचे ते पहिल्याच पायरीत येते.

१. आधी प्रश्नांची यादी करा

प्रोग्राम एकदा हाताने चालवा आणि तो विचारील तो प्रत्येक प्रश्न अक्षरशः उतरवून घ्या. विरामचिन्हे, कंसातले मूळ उत्तर, शेवटची मोकळी जागा, सारे जसेच्या तसे असू द्या. प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहा: आपले उत्तर काय, नुसते एंटर दाबल्यास काय होते, आणि हा प्रश्न दर वेळी येतो की काही परिस्थितीतच येतो. तिसरा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण खरी अडचण तिथेच दडलेली असते. ‘ही फाइल आधीपासून आहे, तिच्यावर लिहू का?’ हा प्रश्न पहिल्यांदा चालवताना येत नाही, दुसऱ्यांदा येतो, आणि मग त्यानंतरची सगळी उत्तरे एका घराने सरकतात.

पुढे तोच प्रोग्राम ‘डेव्ह-नल’ या रिकाम्या फाइलमधून इनपुट घेऊन चालवून पाहा. प्रश्न आला की त्याला वाचायला काहीच मिळत नाही, त्यामुळे बहुतेक प्रोग्राम ताटकळत न बसता त्रुटी दाखवून थांबतात. तरीही एखादा प्रोग्राम अडून राहिला, तर तो इनपुटकडे न पाहता थेट टर्मिनलकडे उत्तर मागतो आहे असे समजावे. त्याचा विचार पाचव्या पायरीत केला आहे.

२. प्रश्नच येणार नाही असा पर्याय शोधा

प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा प्रश्न येऊच न देणे केव्हाही चांगले. ज्यांनी प्रोग्राम लिहिला त्यांना स्क्रिप्टमधून वापरण्याची गरज ठाऊक असते आणि त्यांनी बहुधा सोय करून ठेवलेली असते. मॅन पेजमध्ये ‘बॅच’, ‘यस’, ‘फोर्स’, ‘नॉनइंटरॲक्टिव्ह’ हे शब्द शोधा. ‘एसएसएच’ने दूरच्या यंत्राशी जोडण्यासाठी किल्ल्या बनवणाऱ्या ‘एसएसएच-कीजेन’ला फाइलचे नाव आणि पासफ्रेज दोन्ही पर्यायांतून देता येतात. फाइली कूटबद्ध करणाऱ्या ‘जीपीजी’ला ‘बॅच’ हा पर्याय आहे. डिस्कचे विभाग करण्यासाठी ‘एफडिस्क’च्या एकाक्षरी प्रश्नांशी झुंजण्याचे कारण नाही, कारण त्याच कुटुंबातला ‘एसएफडिस्क’ सर्व मांडणी एका मजकूर फाइलमधून वाचतो. वापरकर्त्यांचे पासवर्ड बदलायचे असल्यास ‘पासडब्ल्यूडी’ऐवजी ‘सीएचपासडब्ल्यूडी’ घ्यावा. तो ‘नाव, कोलन (:), पासवर्ड’ अशा ओळी इनपुटमधून घेतो आणि काहीही विचारत नाही.

या पर्यायांचा दुसरा फायदा असा की ते आंधळेपणाने ‘हो’ म्हणत नाहीत. पॅकेज बसवणाऱ्या ‘ऍप्ट-गेट’ला ‘वाय’ पर्याय दिला की नेहमीच्या प्रश्नांना होकार मिळतो, परंतु व्यवस्थेसाठी अत्यावश्यक असलेले एखादे पॅकेज काढले जाणार असेल, तर तो काम तिथेच सोडून देतो. डिस्कवरील फाइलव्यवस्था तपासणाऱ्या ‘ई२एफएससीके’मध्ये हा भेद अधिक स्पष्ट दिसतो: ‘पी’ पर्याय फक्त निर्धोक दुरुस्त्या करतो आणि माणसाच्या निर्णयाची गरज लागली की थांबतो, तर ‘वाय’ पर्याय प्रत्येक दुरुस्तीला होकार देतो. स्क्रिप्टमध्ये ‘पी’च घालावा असे माझे मत आहे.

३. डेबियन आणि उबुंटूवरील पॅकेजचे प्रश्न

येथे थोडे थांबावे लागेल, कारण ‘वाय’ दिल्यानंतरही दोन ठिकाणांहून प्रश्न येतात आणि दोन्हींचा बंदोबस्त वेगळा आहे.

पहिले ठिकाण म्हणजे ‘डेबकॉन्फ’, पॅकेज बसवताना प्रश्न विचारणारी व्यवस्था. निळ्या पडद्यावर चौकट येऊन टाइमझोन किंवा मेल सर्व्हरचा प्रकार विचारला जातो, तो प्रश्न याचा. त्यासाठी ‘डेबियन_फ्रंटएंड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘नॉनइंटरॲक्टिव्ह’ असे ठेवावे. नवखे येथे एका गोष्टीत हमखास चुकतात: व्हेरिएबल आधी एक्स्पोर्ट करून नंतर ‘सुडो’ने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, कमांड चालवतात, आणि ‘सुडो’ सहसा बाहेरची व्हेरिएबल्स आत जाऊ देत नाही. म्हणून व्हेरिएबलची जोडी ‘सुडो’ या शब्दानंतर, त्याच ओळीत लिहावी.

प्रश्न गप्प केला की त्याचे मूळ उत्तर लागू होते, हेही विसरू नये. ‘टीझेडडेटा’ हे पॅकेज नव्या कंटेनरमध्ये असे गुपचूप बसवले, तर घड्याळ यूटीसीवर राहते आणि लॉगमधील प्रत्येक नोंद आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे दिसू लागते. हवे ते उत्तर आधीच नोंदवून ठेवण्यासाठी ‘डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स’ ही कमांड आहे. एका यंत्रावर हाताने उत्तरे देऊन, ‘डेबकॉन्फ-युटिल्स’मधील ‘डेबकॉन्फ-गेट-सिलेक्शन्स’ने ती काढून घ्यावीत आणि नेमक्या लागणाऱ्या ओळीच दुसऱ्या यंत्रांना द्याव्यात. चालू सर्व्हरवर मात्र ‘टाइमडेटसीटीएल’ने टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ असा ठरवणे सर्वांत सरळ.

दुसरे ठिकाण आहे ‘डीपीकेजी’, म्हणजे ‘ऍप्ट-गेट’च्या मागे राहून पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम, आणि त्याचा प्रश्न अधिक घातक आहे. आपण बदललेली कॉन्फिगरेशन फाइल पॅकेजच्या नव्या आवृत्तीतही बदललेली असेल, तर तो विचारतो: ‘वाय’ किंवा ‘आय’ म्हणजे नवी फाइल बसवा, ‘एन’ किंवा ‘ओ’ म्हणजे तुमची आहे ती ठेवा, ‘डी’ म्हणजे फरक दाखवा, ‘झेड’ म्हणजे शेल उघडा. नुसते एंटर दाबल्यास ‘एन’ धरले जाते. म्हणजे येथे ‘वाय’ हे उत्तर ‘पुढे चला’ असे सांगत नाही, ते ‘माझी फाइल बदला’ असे सांगते. मी एकदा सर्व्हरच्या अपग्रेडला ‘यस’ या सतत ‘वाय’ छापणाऱ्या कमांडची धार जोडून घरी गेलो होतो. प्रॉक्सी सर्व्हरच्या फाइलबाबत हाच प्रश्न आला, ‘वाय’ मिळाला आणि प्रयोगशाळेच्या नेटवर्कला परवानगी देणाऱ्या सगळ्या ओळी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रात्यक्षिकाला एकाही संगणकावर इंटरनेट नव्हते. जुनी फाइल शेजारीच ‘डीपीकेजी-ओल्ड’ या शेपटीसह जपलेली होती, म्हणून ती परत ठेवून काम पुढे गेले. परंतु ती शोधायची असते हे कळेपर्यंत विद्यार्थ्यांचा एक तास वाया गेला, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

यावरचा उपाय: ‘ऍप्ट-गेट’ला ‘डीपीकेजी ऑप्शन्स’मधून ‘फोर्स-कॉन्फडेफ’ आणि ‘फोर्स-कॉन्फओल्ड’ हे दोन्ही पर्याय द्यावेत. त्यामुळे जिथे मूळ उत्तर ठरलेले आहे तिथे ते घेतले जाते, आणि नसेल तिथे आपली फाइल राखली जाते. नाकारलेली नवी फाइल ‘डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटीने बाजूला ठेवलेली सापडते. अपग्रेडनंतर ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये अशा फाइली शोधून त्यांतला फरक स्वतः वाचावा, कारण कधीकधी नव्या आवृत्तीला खरोखरच नवी ओळ लागते. उबुंटू २२.०४ मध्ये अपग्रेडच्या शेवटी कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या असाही प्रश्न येतो. तो ‘नीडरीस्टार्ट’चा असतो, आणि ‘नीडरीस्टार्ट_मोड’ला ‘ए’ ही किंमत दिली की सेवा न विचारता पुन्हा सुरू होतात.

४. साध्या प्रश्नांसाठी ‘यस’ आणि पाइप

पर्याय सापडलाच नाही आणि प्रोग्राम साध्या इनपुटमधून वाचत असेल, तर पाइप पुरतो. ‘यस’ ही कमांड युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून आहे. ती ‘वाय’ हे अक्षर ओळीमागून ओळ छापत राहते आणि वाचणारा प्रोग्राम संपला की थांबते. तिला दुसरा शब्द दिल्यास ती तोच शब्द छापते, म्हणून पूर्ण ‘यस’ मागणाऱ्या प्रश्नालाही ती चालते. मात्र एकच प्रश्न, एकच अर्थ आणि होकाराने काहीही नष्ट होणार नाही याची खात्री, या तिन्ही गोष्टी असतील तरच ती वापरावी.

उत्तरे वेगवेगळी असल्यास ‘प्रिंटएफ’ने एकेका ओळीवर एकेक उत्तर पाठवावे, किंवा स्क्रिप्टमध्येच हिअर-डॉक्युमेंट, म्हणजे इनपुट म्हणून जाणाऱ्या ओळींचा तुकडा, लिहावे. उत्तरे क्रमाने जातात, प्रश्न पाहून जात नाहीत. मधेच एखादा जादा प्रश्न आला तर पोर्टच्या जागी फोल्डरचे नाव जाते, आणि प्रोग्राम कधीकधी ते निमूट स्वीकारतोही.

दोन खड्डे येथे नेहमी लागतात. स्क्रिप्टच्या आरंभी ‘पाइपफेल’ (पाइपमधली एकही कमांड फसली तरी सारा पाइप फसला असे धरणारी सोय) चालू असेल, तर काम नीट होऊनही ओळ अपयशी ठरते. वाचणारा गेल्यावर ‘यस’ला सिग्नल क्रमांक १३ मिळतो, तिचा एक्झिट कोड १२८ अधिक १३ म्हणजे १४१ होतो, आणि तोच साऱ्या पाइपचा निकाल धरला जातो. तेवढ्या ओळीपुरते ‘पाइपफेल’ बंद करावे. दुसरा खड्डा असा: यंत्रांची नावे फाइलमधून ‘व्हाइल रीड’ने वाचत प्रत्येकावर ‘एसएसएच’ चालवले, तर पहिल्याच यंत्रानंतर लूप संपते, कारण ‘एसएसएच’ त्याच इनपुटमधली उरलेली नावे गिळून टाकते. त्याला ‘एन’ पर्याय दिला की हे टळते.

५. टर्मिनलकडेच उत्तर मागणारे प्रश्न

‘एसएसएच’ आणि ‘सुडो’ पासवर्ड विचारताना इनपुटकडे पाहतच नाहीत. ते ‘डेव्ह-टीटीवाय’ म्हणजे प्रत्यक्ष टर्मिनल उघडतात. म्हणून पाइपमधून पाठवलेला पासवर्ड त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. तिच्यावर मात करण्याआधी तिची गरजच कशी संपवता येईल ते पाहावे.

‘एसएसएच’साठी किल्लीची जोडी करावी, ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने सार्वजनिक किल्ली पलीकडे पोचवावी आणि स्क्रिप्टमध्ये ‘बॅचमोड’ ‘यस’ ठेवावा. त्यामुळे किल्ली चालली नाही तर पासवर्ड न मागता कमांड अपयशी होते आणि स्क्रिप्टला ते कळते. नव्या यंत्राशी पहिल्यांदा जोडताना येणारा ‘पुढे जायचे का?’ हा प्रश्न यजमानाची ओळख पटवण्यासाठी असतो. त्याला डोळे मिटून ‘यस’ पाठवू नये. ओपनएसएसएचच्या २०१७ मधील ७.६ या आवृत्तीपासून ‘स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग’ला ‘ॲक्सेप्ट-न्यू’ ही किंमत देता येते. तिने अनोळखी यंत्राची किल्ली नोंदवली जाते, पण ओळखीच्या यंत्राची किल्ली बदललेली दिसली तर जोडणी नाकारली जाते. प्रयोगशाळेसारख्या आपल्याच नेटवर्कात एवढे पुरेसे आहे. बाहेरच्या सर्व्हरसाठी फिंगरप्रिंट दुसऱ्या मार्गाने पडताळून ‘नोन_होस्ट्स’मध्ये आधीच लिहावा.

‘सुडो’साठी ‘व्हीसुडो’ने केवळ त्या एका कमांडपुरती विनापासवर्ड परवानगी द्यावी, सरसकट सर्व कमांडना नाही. स्क्रिप्टमध्ये ‘सुडो’ला ‘एन’ पर्याय द्यावा, म्हणजे परवानगी नसल्यास तो विचारत न बसता लगेच अपयश कळवतो.

६. उरलेल्या प्रश्नांसाठी ‘एक्सपेक्ट’

इतके करूनही काही प्रोग्राम शिल्लक राहतात. आमच्याकडे एका जुन्या मोजणी-उपकरणासोबत आलेला इन्स्टॉलर असाच आहे: त्याला कोणताही पर्याय नाही आणि टर्मिनल नसल्यास तो सुरूच होत नाही. अशांसाठी डॉन लिब्स यांनी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीमध्ये काम करताना ‘एक्सपेक्ट’ तयार केले. ते १९९० पासून वापरात आहे आणि टीसीएल या भाषेवर उभे आहे. ते प्रोग्रामला एक आभासी टर्मिनल देते. त्यामुळे समोर माणूस बसला आहे अशाच रीतीने प्रोग्राम वागतो.

मुख्य शब्द तीनच आहेत. ‘स्पॉन’ प्रोग्राम सुरू करतो, ‘एक्सपेक्ट’ ठरावीक मजकूर दिसण्याची वाट पाहतो, आणि ‘सेंड’ उत्तर पाठवतो. ‘सेंड’च्या शेवटी उलटी तिरकी रेघ आणि ‘आर’ लिहायला विसरू नये, कारण एंटर दाबण्याचे काम तेच करते. ते राहिले तर उत्तर पडद्यावर दिसते, पण पुढे काहीच घडत नाही.

सर्वांत मोठा धोका वेळेच्या मर्यादेत आहे. ‘एक्सपेक्ट’ सहसा १० सेकंद वाट पाहते, आणि तेवढ्यात मजकूर दिसला नाही तर तक्रार न करता पुढच्या ओळीवर जाते. संथ यंत्रावर फाइली उलगडायला २० सेकंद लागली की पुढचे उत्तर भलत्याच प्रश्नाला जाते. म्हणून आरंभीच ‘टाइमआउट’ची किंमत कामाला साजेल अशी, माझ्या इन्स्टॉलरसाठी १२०, ठेवावी. शिवाय प्रत्येक ‘एक्सपेक्ट’मध्ये ‘टाइमआउट’ आणि ‘ईओएफ’ (प्रोग्रामचे आउटपुट संपणे) या दोन्ही शक्यता लिहून त्यांत संदेश छापून ‘एक्झिट १’ करावे. ओळखीचा प्रश्न आला तरच उत्तर, नाहीतर काम थांबवायचे, हा नियम मी एकाही स्क्रिप्टमध्ये मोडत नाही.

दुसरा चकवा चौकटी कंसांचा. माझा इन्स्टॉलर ‘पोर्ट’ या शब्दानंतर चौकटी कंसात ८०८० लिहून विचारतो. हा मजकूर दुहेरी अवतरणात लिहिला, तर टीसीएल कंसातले ८०८० ही कमांड समजून चालवायला जाते आणि अशी कमांड नाही म्हणून त्रुटी देते. महिरपी कंसात लिहिला तर त्रुटी येत नाही, पण जुळणीच्या नियमांत चौकटी कंसाचा अर्थ ‘यांपैकी कोणतेही एक अक्षर’ असा असल्याने प्रश्न कधीच जुळत नाही आणि टाइमआउट होतो. योग्य मार्ग असा की मजकूर महिरपी कंसात लिहून त्याआधी ‘ईएक्स’ हा पर्याय द्यावा, म्हणजे तो अक्षरशः जसाच्या तसा जुळवला जातो. पीएक्सपेक्टमध्ये यासाठी ‘एक्सपेक्ट_एक्झॅक्ट’ आहे, आणि तिथे वाट पाहण्याची मूळ मर्यादा ३० सेकंदांची आहे.

क्वचित येणाऱ्या प्रश्नांसाठी एकाच ‘एक्सपेक्ट’मध्ये अनेक मजकूर लिहिता येतात. ‘जुनी आवृत्ती सापडली, काढू का?’ या प्रश्नाला उत्तर पाठवून ‘एक्सप_कंटिन्यू’ लिहिले की तीच वाट पुन्हा पाहिली जाते. अशा रीतीने तो प्रश्न आला काय आणि न आला काय, स्क्रिप्ट दोन्ही वेळा चालते. शेवटच्या उत्तरानंतर ‘एक्सपेक्ट ईओएफ’ लिहिलेच पाहिजे. ते नसेल तर स्क्रिप्ट संपते, आभासी टर्मिनल बंद होते आणि इन्स्टॉलर अर्ध्यावर मारला जातो. त्यानंतर ‘वेट’ने मिळणाऱ्या यादीतील चौथी किंमत हा मूळ प्रोग्रामचा एक्झिट कोड असतो. तोच आपल्या स्क्रिप्टचा एक्झिट कोड म्हणून परत करावा.

पहिला मसुदा लिहून घेण्यासाठी ‘ऑटोएक्सपेक्ट’ उपयोगी पडते. आपण हाताने दिलेली उत्तरे पाहून ते ‘स्क्रिप्ट डॉट एक्सप’ ही फाइल तयार करते. पण त्यात तारीख-वेळेसह पडद्यावरचा सारा मजकूर जुळणीसाठी घातलेला असतो आणि टाइप केलेला पासवर्डही उघडा पडलेला असतो. फाइल तशीच वापरू नये, छाटूनच घ्यावी. काही जुळत नसेल तर ‘एक्सपेक्ट’ला ‘डी’ पर्याय देऊन चालवावे, म्हणजे कोणते अक्षर कशाशी ताडून पाहिले गेले ते दिसते. प्रश्नांची भाषा यंत्राच्या लोकेलनुसार, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या मांडणीनुसार, बदलत असल्यास ‘एलसी_ऑल’ला ‘सी’ ही किंमत द्यावी.

७. पासवर्ड कुठे ठेवावा

स्क्रिप्टमध्ये नको आणि कमांडच्या ओळीतही नको, कारण ‘पीएस’ने ती ओळ त्या यंत्रावरील इतरांनाही दिसू शकते आणि शेलच्या इतिहासातही ती उरते. केवळ मालकाला वाचता येईल अशा, परवानगी ६०० असलेल्या फाइलमध्ये पासवर्ड ठेवून तिथून वाचावा. पाठवण्याआधी ‘लॉग_युजर ०’ करून नंतर पुन्हा १ करावे, म्हणजे लॉगमध्ये तेवढा भाग उतरत नाही. स्क्रिप्ट गिटमध्ये ठेवत असाल, तर ही फाइल पहिल्याच कमिटच्या आधी वगळलेल्यांच्या यादीत घाला.

८. चालू यंत्रावर नेण्याआधीची चाचणी

चाचणीच्या यंत्रावर स्क्रिप्ट किमान चार वेळा चालवावी: कोऱ्या स्नॅपशॉटवर, त्यावरच लगेच दुसऱ्यांदा, एक उत्तर मुद्दाम चुकीचे ठेवून, आणि शेवटी ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमधून, जिथे टर्मिनल नसते आणि एन्व्हायर्नमेंटही तोकडे असते. तिसऱ्या वेळी स्क्रिप्टने शून्याखेरीज दुसरा एक्झिट कोड दिलाच पाहिजे. तिने ‘यशस्वी’ म्हटले तर सहाव्या पायरीतील ‘टाइमआउट’ची शाखा कुठेतरी राहून गेली आहे. सर्व स्क्रिप्टला बाहेरून ‘टाइमआउट’ या स्वतंत्र कमांडचे वेष्टण द्यावे. ठरलेल्या वेळेत काम संपले नाही तर ती ते थांबवते आणि १२४ हा कोड देते. क्रॉनच्या नोंदीत तो कोड दिसला की लॉगची शेवटची ओळ पाहावी. यादीत नसलेला प्रश्न तिथे अक्षरशः लिहिलेला सापडतो, आणि तो पहिल्या पायरीतल्या कागदावर उतरवून घेता येतो.